लेन्स पडली? तपासताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या राजहंसगडावरून उतरताना बॅगेची चेन उघडी राहिली आणि माझी २४-७० मिमीची झूम लेन्स दगडावर आपटली. पुढचा यूव्ही फिल्टर (लेन्सवर लावायची संरक्षक काच) चक्काचूर झाला, पण आतल्या काचेला ओरखडाही नव्हता. मी देव पावला म्हणालो आणि दुसऱ्याच आठवड्यात तीच लेन्स घेऊन खानापूरला लग्नाला गेलो. अल्बम छापून आल्यावर यजमानांचा फोन आला, "काय ओ, आमच्या मामांस्नीच धुक्यात बसवलासा?" ग्रुप फोटोत डावीकडून मधोमधपर्यंत सगळे स्वच्छ होते. उजव्या टोकाचे मामा-मामी मात्र पार मऊ.

काच फुटली की ती दिसते. आतलं भिंग वाकडं बसलेलं दिसत नाही, आणि खरं नुकसान बहुतेक वेळा तेच करतं.

पहिली चूक सगळेच करतात. लेन्स उचलायची, कॅमेऱ्याला लावायची आणि "चालतेय का बघू" म्हणायचं. थांबा. आधी मागचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणारी गोल कडी, डोळ्यासमोर आडवा धरून बघा. त्याची कडा एकसारखी आहे का, स्क्रू वर आलेत का, दात तुटलाय का, सोनेरी पिना दबल्यात का? माउंट प्लास्टिकचा असेल तर जास्तच लक्ष द्या, कारण त्याचे दात पटकन तुटतात. तो तुकडा कॅमेऱ्याच्या बॉडीत पडला तर एकाच्या जागी दोन दुरुस्त्या. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) तर सेन्सर बहुधा समोरच उघडा असतो.

फिल्टर फुटला असेल तर शर्टाच्या टोकाने पुसू नका. काचेचा चुरा कोटिंगवर घासला की पडण्याने जे झालं नाही ते तुम्ही कराल. लेन्सचं तोंड खाली करून ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) चुरा झाडा. फिल्टरची वाकलेली रिंग निघत नाही म्हणून पक्कड लावू नका. दोन बोटांच्या चिमटीत धरली तरी रिंग अंडाकृती होते आणि आटे आणखी आवळतात. रबरी हातमोजा घालून सगळ्या बाजूंनी सारखा दाब द्या आणि हळू फिरवा. तरी नाही निघाली तर राहू द्या.

लेन्स हलवल्यावर खुळखुळ आवाज आला की लोकांचा जीव खाली-वर होतो. स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेल्या काही लेन्समध्ये आतलं भिंग बंद अवस्थेत मोकळं असतं, म्हणून तो आवाज येतो. कॅमेरा चालू केल्यावर तो थांबला तर बहुधा काळजी नाही. चालू असतानाही खरखर, घरघर येत असेल किंवा झूमची रिंग एका जागी अडत असेल, तर जोर न लावता लगेच बंद करा.

मोबाइलच्या टॉर्चवर माझा भरवसा अर्धाच आहे. मागून उजेड टाकला की तडा किंवा कडेचा टवका दिसतो, भिंगाचा कल नाही. कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५ मिमी. हे अंतर एका बाजूला मिलिमीटरच्या बारीकशा अंशाने बदललं तरी त्या बाजूचा फोकस जातो. डोळ्याला ते काय कळणार?

त्यासाठी भिंत लागते. 'तरुण भारत'ची छोट्या जाहिरातींची पानं सपाट भिंतीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर. स्टॅबिलायझर बंद, टायमर २ सेकंद. आणि इथे माझ्यासारखेच बरेच जण फसतात: एफ/८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून फोटो काढतात. छिद्र लहान केलं की दोष झाकला जातो. एफ/२.८ किंवा लेन्सचं जे सर्वांत मोठं छिद्र असेल त्यावर काढा, झूमच्या दोन्ही टोकांना.

एक कोपरा मऊ आला तर लगेच लेन्सला शिव्या घालू नका. कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढा. फ्रेमचा तोच कोपरा परत मऊ आला तर दोष लेन्सचा किंवा कॅमेऱ्याचा. भिंतीवरची तीच जाहिरात परत पुसट आली तर ट्रायपॉड तिरका होता. दोष लेन्स-कॅमेऱ्याकडचा निघाला तर दुसरी लेन्स लावून बघा, कारण बॉडीचा माउंटही वाकलेला असू शकतो.

बेळगावच्या पावसात "नंतर बघू" ही चूक महागात पडते. पडल्याने फट पडली असेल तर दमट हवा आत जाते आणि बुरशी धरते. दुरुस्तीला देईपर्यंत लेन्स सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेवा. घरी स्क्रू तर काढूच नका. काही लेन्समध्ये माउंटखाली पातळ चकत्या असतात, त्यांची जागा चुकली की झालं. वॉरंटीत पडझड सहसा धरत नाहीत, त्यामुळे आधी खर्चाचा अंदाज मागा.

दुरुस्तीला देताना नुसतं "पडली" सांगू नका, भिंतीच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घालून द्या. माझ्या फाइलमध्ये डावीकडची 'घर भाड्याने देणे आहे' स्पष्ट वाचता येते. उजवीकडच्या 'वधू पाहिजे'त मुलाची उंची ५ फूट ८ आहे की ६, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुरुस्तीवाल्याने तेवढंच बघितलं आणि लेन्स ठेवून घेतली.