गावात राहून सेशन गिटारिस्ट कसं व्हायचं (आणि मग स्वतःची गाणी कशी बनवायची)

ब्रह्मपुरीकडून बरीच पोरं विचारून राहिली की भाऊ मुंबईला न जाता हे काम होते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. होते. मी खेड्यातच राहतो आणि पुण्या-मुंबईच्या गाण्यांवर गिटार वाजवून पाठवतो.

सेशन गिटारिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात पैसे घेऊन वाजवणारा. पोस्टरवर नाव नसते, पण तो नसला तर गाणं उघडं पडते. भूपिंदर सिंग आपल्याला गायक म्हणून माहीत, पण आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते गिटार वाजवायचे.

शिकायचं कुठं, तर आपल्याकडे झाडीपट्टी (पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं) हाय ना! दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकं, वडसा म्हणजे कंपन्यांचं माहेरघर, रात्रभर प्रयोग, कोणाला तरी वाजवणारा लागतेच. मी तिथंच शिकलो. तिथं कोणी डी शार्प म्हणत नाही, गायक स्टेजवरून म्हणते "काळी दोन" आणि तुमच्याकडे पाच सेकंद असतात. काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, डी शार्प. कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सूर चढवायचा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून डीच्या कॉर्डचे शेप वाजवा नाहीतर तिसऱ्यावर लावून सीचे. काळी एक असली तर पहिल्यावर सीचे किंवा चौथ्यावर एचे, पांढरी चार असली तर तिसऱ्यावर डीचे. हे तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पायजे. आणि गायक आलाप लांबवते तेव्हा तुम्ही गप राहायचं. सेशनमध्ये निम्मी कमाई कमी वाजवण्याची हाय, गायकाच्या शब्दावर कुरघोडी करणारा गिटारवाला दुसऱ्यांदा बोलावल्या जात नाही.

पण नाटकात एक सवय लागत नाही, क्लिकवर वाजवायची. रेकॉर्डिंगमध्ये कानात मेट्रोनोमची टिकटिक असते, तीच क्लिक, म्हणून रोज अर्धा तास साधं स्ट्रमिंग 60 च्या टेम्पोवर (मिनिटाला 60 ठोके) करा. 120 वर कोणीही वाजवते, 60 वर दोन ठोक्यांच्या मधली जागा इतकी मोठी असते की हात तिथंच घसरते.

आता सामान. दोन इनपुटचं ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा), एक कंडेन्सर माइक (याला 48 व्होल्टचं फँटम पॉवर लागते, म्हणजे इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज, बटन दाबलं नाही म्हणून आवाज येत नाही असे फोन मला लय येतात), कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि लॅपटॉप. बस. माझी खोली म्हणजे धान ठेवायची कोठी. भिंतीला लावून धानाचे कट्टे रचले, समोर दोन गोधड्या टांगल्या, खोलीचा घुमारा गेला. माइक बाराव्या फ्रेटसमोर साधारण एक वीतभर दूर ठेवा, साउंडहोलच्या तोंडाशी नाही, तिथं नुसती बूम-बूम येते. पंखा बंद, शेजारची पाण्याची मोटर बंद व्हायची वाट पाहा, मी तर रात्री दहानंतरच रेकॉर्ड करतो.

दोन त्रास आपल्याच भागातले हायत. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, टिनाच्या खोलीत गिटार ठेवली तर गोंद सैल होऊन ब्रिज (तारा अडकवायचा लाकडी तुकडा) उचलते, कोरड्या हवेनं लाकूड तडकते. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी केसमध्ये, दर दोन दिवसांनी पाहा. पावसाळ्यात उलटं, लाकूड फुगते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर येते, तेव्हा सिलिका जेल. दुसरा त्रास म्हणजे घूं आवाज. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकते, इलेक्ट्रिक गिटारमध्ये 50 हर्ट्झचा हम वाढते, खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाका आणि रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, फरक लगेच ऐकू येते.

फाइल पाठवायचीही रीत असते. पहिले विचारा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) 44.1 का 48 किलोहर्ट्झ, मग 24 बिट वेव्ह फाइल, लेव्हल लाल होऊ द्यायची नाही, आणि प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून, तुमचा पीस दोन मिनिटांनी येत असला तरी. फाइलच्या नावात गाणं, टेम्पो, पट्टी. इलेक्ट्रिक असली तर इफेक्टवाल्या ट्रॅकसोबत कोरडा, म्हणजे बिनइफेक्टचा ट्रॅकही द्या. डावी-उजवी गिटार पायजे असली तर दोनदा वाजवा, कॉपी-पेस्ट केलं की दोन्ही मधे येऊन एकच होते. 48 ला चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण 35 एमबी, असे आठ झाले की 280, म्हणून अपलोड रात्री लावून झोपा.

स्वतःचं गाणं लिहायचं तर पोळ्याच्या झडत्या (बैलांपुढं म्हणायच्या तुकबंद ओळी) ऐका, रोवणीच्या बाया बांधीत वाकून काय म्हणतात ते ऐका. तिथं शब्दातच ठेका असते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर इतकी बसतात ती यामुळंच. मी पहिले ओळ बिनगिटारीची, चालता चालता म्हणून पाहतो, जीभ अडली तर शब्द बदलतो, कॉर्ड मागून येतात. मग अरेंजमेंट करताना गिटारचा 80-100 हर्ट्झच्या खालचा भाग कापा, ती जागा बास आणि ढोलकीच्या डग्ग्याची. मिक्स झालं की हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि चहाच्या टपरीवरच्या ब्लूटूथ डब्यावर, तिन्हीकडे ऐका.

आता पैशाचं, हे नीट वाचा. माझी एक धून एकानं डेमो म्हणून मागवली, गाणं निघालं, माझं नाव कुठंच नाही, आणि लिहून काहीच घेतलेलं नव्हतं, तं बोलणार काय. तेव्हापासून अर्धे पैसे आधी, आणि व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घेतो: किती ट्रॅक, किती वेळा बदल फुकट, क्रेडिट कसं. धून किंवा शब्द बनवण्यात तुमचा वाटा असला तर टक्केवारी रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा, गाणं चाललं की कोणाला काही आठवत नाही. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस नावाची सोसायटी हाय, 1969 पासूनची, तिथं मेंबर व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं हा रॉयल्टीचा हक्क नुसता कागदावर सही करून कोणाला सोडून देता येत नाही, म्हणून "सगळे हक्क आमचे" असा कागद समोर आला तर घाबरून सही करू नका, वकिलाला दाखवा. नुसतं वाजवलं असेल तर यातला वाटा मिळत नाही, गायक-वादकांच्या हक्कासाठी सोसायटी वेगळी हाय.

गाणं स्वतः रिलीज करत असाल तर डिस्ट्रिब्युटरकडून (गाणं ॲपवर चढवून देणारी कंपनी) 12 अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, मिळते, तो वहीत लिहून ठेवा. पहिलं काम मागायला जाल तेव्हा व्हिडिओचा ढीग पाठवू नका, एक मिनिटाचे तीन नमुने पुरतात: एक स्ट्रमिंग, एक बोटांनी वाजवलेला, एक सोलो, तिन्ही क्लिकवर. अन् समोरच्यानं रात्री अकराला बदल मागितला तर सकाळी आठपर्यंत फाइल गेली पायजे.