कथेसाठी परग्रहवासी कसे घडवावेत: आधी पोट, मग पंचांग

परग्रहवासी रंगवायचा म्हटलं की आपण आधी त्याचा चेहरा ठरवतो. मोठे डोळे, हिरवी कातडी, डोक्यावर दोन शिंगं. मग त्याला एक राजा देतो आणि एक देव देतो. असा प्राणी वेष बदललेला माणूसच राहतो. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे: जागा, मग पोट, मग शरीर, आणि रीतिरिवाज त्यातूनच उगवू द्यायचे. एक उदाहरण धरून चालू.

पायरी १: खरी जागा निवडा

सगळं विश्व रचत बसू नका, माहीत असलेली एखादी जागा घ्या. मी गुरूचा चंद्र युरोपा घेते. गॅलिलिओने तो 1610 साली पाहिला. त्याचा व्यास सुमारे 3,120 किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षा थोडा कमी. बर्फाच्या जाड कवचाखाली खारा समुद्र असावा आणि त्यातलं पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट भरावं, असा अंदाज आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेलं ‘युरोपा क्लिपर’ यान 2030 मध्ये गुरूजवळ पोहोचेल.

आता कागदावर दोन रकाने करा: इथे काय नाही, आणि त्यामुळे काय होणार नाही. ऊन नाही, म्हणून दिवस-रात्र नाही. आकाश दिसत नाही, म्हणून तारे नाहीत, राशी नाहीत, दिशा सांगणारा ध्रुव नाही. पाण्यात विस्तव पेटत नाही, म्हणून चूल नाही, भाजलेलं मडकं नाही, ओतीव धातू नाही. हा ‘नाही’चा रकाना नीट भरला की निम्मं काम होतं.

मग ‘आहे’कडे या. युरोपा गुरूभोवती साधारण साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो आणि गुरूच्या ओढीने प्रत्येक फेरीत थोडा ताणला जातो, सैलावतो. त्या घुसळणीतूनच आतली ऊब टिकते. तिथल्या जिवाला काळ मोजायचा तर तो या ताणावरच मोजेल. साडेतीन हा आकडा आपल्याला मुहूर्तांमुळे आणि शक्तिपीठांमुळे जवळचा. तिथे तोच पंचांगाचा पाया होईल.

पायरी २: खातात काय?

1977 साली गॅलापागोस बेटांजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांना तळातून उसळणारे गरम झरे सापडले. भोवती जीवसृष्टी गजबजलेली होती, आणि तीही उन्हाशिवाय. तिथल्या मोठ्या नळीकृमींना तोंडच नसतं, आतडंही नसतं. शरीरात राहणारे जिवाणू झऱ्यातल्या रसायनांवर अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर जगतो. युरोपाच्या तळाशी असे झरे आहेत असं कथेपुरतं धरू.

पृथ्वीवर असे काही झरे थोड्या वर्षांत किंवा दशकांत विझतात. म्हणजे आपल्या प्राण्यांचं गाव कधी ना कधी थंड पडणारच. दुष्काळात गाव सोडावं लागणं काय असतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३: बोलतात कसे?

इथे सर्वाधिक वेळ द्या, कारण समाज इथेच घडतो. आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले काही मासे शरीरातून विजेची हलकी स्पंदनं सोडतात. गढूळ पाण्यात ती त्यांना वाट दाखवतात आणि एकमेकांना निरोपही देतात. आपल्या प्राण्यांना हीच भाषा देऊ.

अशी वीज पाण्यात फार दूर जात नाही, अंतर वाढलं की झपाट्याने क्षीण होते. म्हणजे बोलायचं तर जवळ जावं लागणार. आता पुढचं आपोआप सुचत जातं. हजारोंच्या सभेत भाषण करणारा पुढारी इथे होऊच शकत नाही. बातमी साखळीने जाते, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि वाटेत बदलते. म्हणून निरोप जसाच्या तसा पोचवणारा हा या समाजातला सर्वांत मानाचा माणूस ठरतो, आणि निरोप मुद्दाम बदलणं हा खुनापेक्षा मोठा गुन्हा. शिवाय, वाट शोधायची स्पंदनं आणि बोलायची स्पंदनं एकच असतील, तर गप्प बसणं म्हणजे आंधळं होणं. या समाजात मौनव्रत किती कठोर असेल!

पायरी ४: जन्म आणि मरण

ऑक्टोपसची मादी अंडी सांभाळते आणि साधारणपणे ती फुटण्याच्या सुमारास मरते. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरेजवळ खोल समुद्रात एक मादी 53 महिने अंड्यांवर बसलेली आढळली. आपल्या प्राण्यांना हे आयुष्य दिलं तर कुणालाच आई आठवणार नाही. मग वाढवतं कोण? शिकवतं कोण? मराठीत आत्या वेगळी आणि मावशी वेगळी, कारण आपल्याला सासर-माहेर महत्त्वाचं. त्यांच्याकडे ‘एकाच झऱ्यावर फुटलेले’ आणि ‘मला पहिला शब्द देणारी’ अशी नाती असतील.

नावंही याच रीतीने द्या. उच्चारता न येणारी अक्षरं जोडून नाव करू नका. भाषा विजेची आहे, तेव्हा अर्थाचं मराठी करा. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखं, ‘तिसऱ्या झऱ्याची संथ’ हे नाव मला पुरतं.

पायरी ५: त्यांच्यात भांडण लावा

अख्खी जात शूर किंवा अख्खी जात शांत, असं कधीच नसतं. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिथेही बदलेल. झरा थंड पडू लागला की अंड्यांवर बसलेल्या माद्यांना सोडून जायचं का, यावर दोन झऱ्यांचे दोन कायदे असू द्या. दोन्ही बाजू न्याय्य वाटल्या पाहिजेत.

पायरी ६: मसुदा पुन्हा वाचा

लिहून झालं की नजरेचे आणि उजेडाचे शब्द शोधून काढा. ‘उजेड पडला’, ‘दिवसाढवळ्या’, ‘डोळ्यांत तेल घालून’ हे या प्राण्याच्या तोंडी येता कामा नये. मग ‘वर’ आणि ‘खाली’ तपासा. त्यांच्यासाठी वर बर्फ आहे, खाली ऊब आणि अन्न. तिथे मानाची जागा सर्वांत खालची, आणि लाडक्या लेकराला आशीर्वाद द्यायचा तो ‘खूप खोल जा’ असाच.