चेनसॉचा सिलेंडर वाचेल की नवा घ्यायचा? ठरवायच्या आधीची तयारी

सायलेन्सर काढून बघितलं आणि पिस्टनवर ओरखडेच ओरखडे दिसले म्हणून लगेच नवा सिलेंडर ऑर्डर करू नका प्लीज. आधी टॉर्च, कॉस्टिक सोडा, कापसाच्या काड्या, रबरी हातमोजे, गॉगल, 220 चा पॉलिश पेपर आणि टू-स्ट्रोक ऑइल एवढं जमवा, आणि काम उघड्यावरच करा कारण सोडा अ‍ॅल्युमिनियमला लागला की हायड्रोजन निघतो, आसपास आग नकोच.

आता सिलेंडर काढून आत नख फिरवा. बऱ्याचदा जे खरचटलेलं वाटतं ते पिस्टनचंच अ‍ॅल्युमिनियम भिंतीला फासलेलं असतं आणि त्याखाली निकासिलचं (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं कडक) कोटिंग शाबूत असू शकतं. नखाला उंचवटा लागला तर आशा आहे, नख खाली अडकलं तर अवघड आहे. कॉस्टिक सोड्याचं पाणी काडीने फक्त डागावर लावा, पोर्टच्या (भिंतीत हवा-धूर जायला असलेल्या खिडक्यांच्या) कडांना अजिबात नको, तिथे उघडं अ‍ॅल्युमिनियम असतं. फेस येईल, पुसा, परत लावा, आणि डाग गेल्यावरही एकाच जागी फेस येतच राहिला तर समजायचं तिथलं कोटिंग गेलंय, मग तो सिलेंडर बदलायचा, त्यात जीव अडकवू नका. काही लोक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, पण जुना क्रोमचा सिलेंडर असेल तर ते क्रोमच खातं. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा, ऑइल लावून पेपर हातानेच तिरका-उलटतिरका हलका फिरवा.

पोर्टच्या कडेला कोटिंगचा टवका उडालेला असेल किंवा कुठे तडा असेल तरी नवाच घ्या. कूलिंगची एखादी पाती तुटली असेल तर चालतंय. माझं मत विचाराल तर साफ केलेला ओरिजिनल सिलेंडर स्वस्तातल्या कॉपीपेक्षा कधीही बरा, पिस्टन आणि रिंग मात्र दोन्हीकडे नवीनच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिस्टन सिलेंडरला घासून इंजिन जाम का झालं ते शोधल्याशिवाय काहीच बसवू नका. पेट्रोलमध्ये ऑइल होतं का, कार्ब्युरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) सेट होता का, क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) सील किंवा इनटेकचा रबर बूट हवा खेचतोय का, ते बघा, आणि हवेच्या गळतीसाठी प्रेशर (आत हवा भरून) आणि व्हॅक्यूम (हवा खेचून) दोन्ही टेस्ट करा. क्रँकचं बेअरिंगही हलवून बघा, तेच ढिलं निघालं तर आधी बेअरिंग आणि सीलचा खर्च धरा आणि मगच सिलेंडरचं ठरवा.