ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचं नाक किती उचलायचं?

रिकामी पिकअप मागून उंच आणि पुढे झुकलेली दिसते, त्यात कंपनीची चूक नाही. डाला (मागचा सामानाचा हौदा) भरला किंवा हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या हुकावर) ट्रेलरचा भार आला की मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात आणि गाडी सपाट होते. ती उंची त्यासाठीच ठेवलेली असते. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतली की पुढे स्पेसर (उंची वाढवणारा धातूचा तुकडा) टाकून ती रिकामी असतानाच सपाट करायची हौस अनेकांना असते. फोटोत गाडी छान दिसते. पण नागपूरच्या वाडीतून जनरेटरची ट्रॉली जोडून अमरावती रोडला लागलात की मागचा भाग बसतो, नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नाक ६० मिलिमीटरने चढलं, म्हणजे पुढून २५ उचललं आणि मागून ३५ बसलं, तर २५ मीटरवर उजेड जवळपास अर्धा मीटर वर सरकतो. म्हणून लेव्हलिंग, म्हणजे पुढची-मागची उंची जुळवणं, ठरवायचं ते ट्रेलर जोडलेल्या गाडीवर.

आधी धरमकाटा, मग पाना

कळमना किंवा वाडीकडच्या धरमकाट्यावर गाडी न्या. टाकी फुल, चालक बसलेला, नेहमीचं सामान डाल्यात. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून घ्या. आता ट्रेलर जोडा, त्याची चाकं काट्याबाहेर राहू द्या आणि दोन्ही वजनं पुन्हा घ्या. पूर्ण गाडीच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॉलवरचा, म्हणजे हिचच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्यावरचा भार. शेवटी भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन. मोठ्या काट्याचा आकडा १० किंवा २० किलोच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे लहान काटा मिळाला तर तोच बरा.

बॉलवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. १,५०० किलोच्या ट्रेलरला १५० ते २२५ किलो. कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो. हिचवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये याहून कमी मर्यादा असेल तर तीच पाळा आणि ट्रेलर हलका भरा.

पुढच्या चाकांचा आकडा मात्र नीट बघा. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) ३,०९५ मिलिमीटर आहे. बॉल मागच्या अॅक्सलपासून १,२५० मिलिमीटर मागे धरला, तर बॉलवरच्या १५० किलोमुळे मागच्या अॅक्सलवर सुमारे २१० किलो वाढतात आणि पुढून ६० किलो उचलले जातात. मागे हवेचे फुगे (हवा भरून उंची धरणाऱ्या रबरी स्प्रिंगा) लावून गाडी सपाट केली तरी ते ६० किलो पुढे परत येत नाहीत. डोळ्याला गाडी सरळ दिसते, पण टायरवरचा भार तसाच राहतो. तो परत आणायला ट्रेलरमधलं सामान १० टक्क्यांच्या खाली न जाता मागे सरकवा, डाल्यातलं जड सामान केबिनकडे घ्या. पुढच्या-मागच्या चाकांवर भार वाटून देणारी हिच लावायची असेल तर गाडी आणि ट्रेलर दोघांच्याही निर्मात्यांची परवानगी असेल तरच.

उंची मोजताना

फरशी सपाट, टायरमध्ये थंड असताना बरोबर हवा. गाडी चार-पाच वेळा दाबून सोडा. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. पुढच्या-मागच्या फेंडरचा कट सारखा नसतो, त्यामुळे हे आकडे फक्त आधी-नंतरचा फरक कळायला कामाचे. गाडी झुकली आहे का, हे दाराखालच्या सिलची जमिनीपासूनची उंची पुढे-मागे मोजून ठरवा.

समजा, रिकाम्या गाडीत सिल मागून ३० मिलिमीटर उंच आहे आणि ट्रेलर जोडल्यावर ५ उरतं. मग तुम्हाला स्पेसर लागतच नाही. २५ उरलं तर पुढे १५ ते २० मिलिमीटर उचलायला हरकत नाही. ट्रेलर जोडल्यावर मागची बाजू थोडी उंच राहावी, खाली कधीच नको. ओढकामाच्या गाडीत २५ मिलिमीटरच्या वर जाऊ नका.

स्पेसर बसवणं

डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वर-खाली दोन आर्मवर धरणाऱ्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये, शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर असतो. त्यामुळे वर १२ मिलिमीटरचा स्पेसर टाकला की गाडी जवळपास २५ उचलते. दुकानदाराला स्पेसरची जाडी विचारा आणि प्रत्यक्षात गाडी किती उचलेल तेही विचारा. २५ हवं म्हणून २५ जाडीचा घेतला तर गाडी ५० चढते आणि बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट ताणावर येतात.

चाकांचे नट सैल करून गाडी जॅकवर घ्या आणि दोन्ही बाजूंनी चेसिसखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर हात घालू नका. अँटी-रोल बारची लिंक दोन्हीकडून सोडा. ब्रेक पाइप आणि एबीएस वायरच्या क्लिपा काढा, नाहीतर आर्म खाली येताच वायर तुटते. खालच्या आर्मला जॅकचा आधार द्या, वरच्या बॉल जॉइंटचा नट थोड्या आट्यांवर ठेवून नकल (चाक धरणारा भाग) ठोकून सैल करा. मग शॉकअपचा खालचा बोल्ट आणि वरच्या माउंटच्या भोवतीचे नट. मधल्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरलेली असते, तो सुटला तर जीव जाऊ शकतो.

स्पेसर ठेवून उलट क्रमाने सगळं जोडा. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच पक्के आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलचाच. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेक पाइप ताणला जात नाही ना, ते बघा.

मागची बाजू

गाडी सपाट करायला मागचा एखादा पाटा काढून देणारे भेटतील. ओढायची गाडी असेल तर सरळ नाही म्हणा, कारण पाट्यासोबत वहनक्षमता जाते. उलट, बसणं जास्त असेल तर जादा पाटा किंवा हवेचे फुगे लावा. यू-बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. पाट्यावर वेल्डिंग नको. जादा पाट्याने आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सल आणि चेसिसमध्ये दांडीने जोडलेला भार-संवेदी ब्रेक व्हॉल्व्ह असतो. अॅक्सलपासून चेसिस किती उंच आहे, त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटा किंवा फुगे लावून मागचा भाग उंच धरला तर व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. दांडी दिसली तर ती मॅन्युअलप्रमाणे नव्याने लावून घ्या.

नंतरची कामं

कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी. फक्त टो बघून सोडणाऱ्याकडे जाऊ नका, कास्टरचा आकडा कागदावर मागा. हेडलाइट ट्रेलर जोडून भिंतीवर तपासा. मागची उंची बदलली असेल तर बॉल माउंटही (हिचचा गोळा धरणारी पट्टी) बदलावा लागेल. ट्रेलर सपाट किंवा किंचित पुढे झुकलेला चालतो. नाक वर असेल तर बॉलवरचा भार घटतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही आणि ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते. एमएच-३१, ४० किंवा ४९, ज्या आरटीओत गाडी असेल तिथे आणि विमा कंपनीकडे काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. अपघातानंतर क्लेम इथेच अडतो.

पहिली चाचणी मोकळ्या जागेत ताशी २० आणि ४० किलोमीटरवर ब्रेक मारून. मग ट्रेलरसह बुटीबोरीपर्यंत जाऊन या. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि शॉकअपचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. मे महिन्यात हवा पहाटेच भरा; दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो आणि तो बघून हवा सोडली की भरलेली गाडी कमी हवेवर पळते.