सॉर्बिटॉलचं सॉर्बोज: नागपूरच्या लॅबमध्ये ग्लुकोनोबॅक्टरकडून काम करून घेताना

सॉर्बिटॉल या शुगर अल्कोहोलवर सहा –OH गट असतात. ग्लुकोनोबॅक्टर हा जिवाणू त्यातला नेमका एकच, पाचव्या कार्बनवरचा, ऑक्सिडाइज करतो आणि एल-सॉर्बोज बनवतो. क जीवनसत्त्व तयार करण्याच्या रायख्स्टाइन पद्धतीतही ही पायरी जिवाणूकडेच दिलेली आहे.

जिवाणू कोणता –OH निवडतो ते आधी कागदावर कळू द्या. फिशर आकृती (कार्बनची साखळी उभी, –OH डावी-उजवीकडे) काढून टोकाचा CH₂OH खाली ठेवा. त्याच्या लगतचे दोन –OH उजवीकडे, एकाच बाजूला असतील तर टोकाजवळचा –OH जातो आणि तिथे कीटोन (C=O) येतो. हाच बर्ट्रँड-हडसन नियम. आता कागद 180 अंश फिरवून दुसरं टोक तपासा. सॉर्बिटॉलचं दुसरं टोक नियमात बसत नाही. मॅनिटॉल आणि डल्सिटॉल हीसुद्धा सहा कार्बनची शुगर अल्कोहोलं. मॅनिटॉलची दोन्ही टोकं बसतात, पण रेणू सममित असल्यामुळे कुठूनही फ्रुक्टोजच मिळतं. डल्सिटॉलचं एकही टोक बसत नाही, म्हणून कंट्रोल तेच ठेवा.

जिवाणू विकत घेतलेला नसेल तर कळमना मार्केटमधलं फुटलेलं, आंबलेलं फळ चालतं. संत्रं असेल तर गर घ्या, साल नको. सालीतलं तेल जिवाणूंना मारक असतं. ग्लुकोज 5%, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 1%, कॅल्शियम कार्बोनेट 2% आणि आगर 2% घालून प्लेट करा. यीस्ट माजू नये म्हणून लिटरला 100 मिग्रॅ सायक्लोहेक्सिमाइड घाला; ते विषारी आहे, ग्लोव्हज हवेतच. खडूसारख्या पांढऱ्या प्लेटवर कॉलनीभोवती पारदर्शक वलय दिसलं म्हणजे आम्ल तयार झालं, एवढंच. ॲसिटोबॅक्टर हा त्याच्या जवळचा जिवाणूही वलय देतो. दोन्ही ओळखायला 2% इथेनॉल आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन (आम्लात पिवळा होणारा दर्शक रंग) यांची प्लेट वापरा. ग्लुकोनोबॅक्टर ती पिवळी करून तशीच ठेवतो, ॲसिटोबॅक्टर आम्लही जाळतो आणि रंग परत हिरवट-निळा होतो.

मुख्य प्रयोगासाठी सॉर्बिटॉल, मॅनिटॉल आणि डल्सिटॉल यांचा एकेक 250 मिली फ्लास्क घ्या, प्रत्येकात 25 मिली माध्यम पुरे: शुगर अल्कोहोल 2%, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 0.5%, pH 6. डल्सिटॉल थंड पाण्यात 3 टक्क्यांच्या आसपासच विरघळतं, त्यामुळे तिन्ही फ्लास्कमध्ये 2%च ठेवा. आदल्या दिवशीचं कल्चर 5% घाला, 28 अंशांवर शेकर 180 आरपीएमवर लावा. ग्लुकोज अजिबात नको: त्याचं आम्ल होऊन pH कोसळतो आणि पुढची चाचणीही फसते. नुसत्या सॉर्बिटॉलमध्ये pH फारसा हलत नाही. हलला तर दूषितीकरण तपासा.

हवेत कंजूषी केली की सगळं अडतं. 2% सॉर्बिटॉल पूर्ण पालटायला लिटरला सुमारे 1.76 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि 28 अंशांच्या पाण्यात एका वेळी मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. म्हणजे साठा सव्वादोनशे वेळा भरावा लागतो. फ्लास्क अर्धा भरलात, तर दोन दिवसांनीही बरंच सॉर्बिटॉल तसंच उरतं.

नागपूरचा मे महिना मात्र खरा वैरी. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, खोलीपेक्षा गार करत नाही. कूलर लावूनही खोली 33–34 वर गेली की बटण 28 वर असून उपयोग नाही. बहुतेक ग्लुकोनोबॅक्टर 37 अंशांवर वाढतच नाहीत. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर-शेकर नसेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. वीज जाऊन शेकर थांबला तर तो वेळ प्रयोगाच्या तासांत धरू नका.

24 आणि 48 तासांनी नमुना सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी दहापट पातळ करा. सेलिवानॉफ अभिकर्मकात (कीटोन असलेल्या साखरेने तो लाल होतो) घालून उकळत्या पाण्यात एकच मिनिट ठेवा: सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉलच्या नळ्या चेरीसारख्या लाल, डल्सिटॉलची जवळपास कोरी. जास्त वेळ उकळाल तर इतर साखराही लाल दिसू लागतात. सोबत न पेरलेल्या माध्यमाची नळी ठेवा. सॉर्बिटॉलची नळी फिकी आली आणि मॅनिटॉलची गडद, तर जिवाणूवर शंका घेण्याआधी त्या फ्लास्कच्या तोंडावरचा कापसाचा बोळा भिजलाय का ते पाहा. ओल्या बोळ्यातून हवा जात नाही.