डेस्कटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क कशी बसवावी

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की बरेच जण फोटो-व्हिडिओ पुसायला बसतात. डेस्कटॉप असेल तर तशी वेळ येऊ देऊ नये. कॅबिनेटमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा बहुधा असतेच आणि ती बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. स्क्रू आणि केबलचं काम खरोखर सोपं आहे. डेटा जातो तो त्यानंतर, स्क्रीनवर घाईत दाबलेल्या एखाद्या बटणामुळे. म्हणून सगळ्यात जास्त सावकाशी तिथे हवी.

विकत घेण्याआधी

आधी कॅबिनेट उघडून तीन गोष्टी बघा. साडेतीन इंची डिस्क मावेल असा खण रिकामा आहे का, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायची जागा, मोकळी आहे का आणि एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) निघालेल्या वायरींना साटा पॉवरचा चपटा प्लग शिल्लक आहे का. मदरबोर्डवरच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअलही चाळा. काही बोर्डांवर तो स्लॉट वापरात असला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि मग नवी डिस्क खराब निघाली असं उगाच वाटतं.

फोटो, सिनेमे, जुनी कामं साठवायची असतील तर फिरती, म्हणजे आत चकती फिरणारी, हार्ड डिस्क पैशाच्या मानाने जास्त जागा देते. कॉम्प्युटरच हळू चालतो अशी तक्रार असेल आणि विंडोज अजून फिरत्या डिस्कवर असेल, तर मात्र पैसे एसएसडीत घाला. डिस्कवरूनच व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर सीएमआर प्रकारची डिस्क मागा. सीएमआर आणि एसएमआर या फिरत्या डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एसएमआर डिस्कवर सलग खूप लिहायला लागलं की वेग फार पडतो. कोणतं मॉडेल कुठल्या प्रकारचं, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, सुट्ट्या डिस्कसोबत डेटा केबल आणि स्क्रू सहसा येत नाहीत. ते त्याच वेळी घेऊन ठेवा.

कॅबिनेटमध्ये बसवणं

महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी बाहेर काढा. मग शिफ्ट बटण धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट न झोपता पूर्ण बंद होतं. एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते.

डिस्क खणात सरकवताना तिची जोडणीची बाजू केबल पोचेल अशी ठेवा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंचीचे बारीक. स्क्रू हाताने सहज फिरत नसेल तर तो चुकीचा आहे, जोर लावू नका. फिरती डिस्क चारही स्क्रूंनी पक्की करा, नाहीतर तिची थरथर कॅबिनेटभर ऐकू येते.

आता दोन केबली. अरुंद ती डेटाची, मदरबोर्डपर्यंत जाणारी. रुंद ती पॉवरची. दोन्हींच्या तोंडाशी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच असते, त्यामुळे त्या एकाच बाजूने बसतात. डिस्कवरची प्लास्टिकची पातळ जीभ तिरक्या जोराने तुटते, तेव्हा प्लग सरळ ढकला. एसएमपीएसच्या वायरी सुट्या होणाऱ्या असतील तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीही लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क क्षणात जळते.

झाकण लगेच लावू नका. कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. नवी डिस्क यादीत दिसायला हवी आणि बूटच्या क्रमात विंडोजची डिस्कच पहिली राहायला हवी. दिसली नाही तर बंद करून केबली पुन्हा दाबा, मग दुसरा पोर्ट वापरून बघा.

विंडोजमध्ये, सावकाश

कोरी डिस्क दिस पीसीमध्ये आपोआप येत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क इनिशियलाइज करायची का, म्हणजे तिच्यावर नवा आराखडा लिहायचा का, अशी चौकट येईल. ओके दाबण्याआधी खालच्या यादीत डिस्कचा क्रमांक आणि आकार जुळवा. नवी डिस्क म्हणजे जिच्यासमोर नॉट इनिशियलाइज्ड लिहिलंय आणि जिची पट्टी काळी आहे ती. हीच चौकट जुन्या, डेटा असलेल्या डिस्कसाठी आली तर कॅन्सल करा. त्या डिस्कचा आराखडा विंडोजला वाचता येत नाहीये. इनिशियलाइज केलं तर त्यावर नवा आराखडा लिहिला जाईल आणि डेटा परत मिळवणं अवघड होईल.

आराखड्याचे दोन प्रकार विचारले जातील, जीपीटी आणि एमबीआर. कोऱ्या डिस्कला जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, फाइल सिस्टिम एनटीएफएस, क्विक फॉरमॅट आणि ओळखू येईल असं नाव. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसेल. फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर नव्या डिस्कवर न्यायचे तर प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून न्या. आधी तिथे प्रत्येकासाठी वेगळं फोल्डर करा. फोल्डर न करता थेट नव्या ड्राइव्हच्या (उदाहरणार्थ डी) मुळाशी नेलं तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स बनतो आणि ते निस्तरणं कटकटीचं असतं.

या डिस्कला बॅकअप मात्र समजू नका. दोन्ही डिस्क एकाच एसएमपीएसवर आहेत. पावसाळ्यात वीज कडाडून झटका आला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. घरच्यांचे फोटो तिसऱ्या ठिकाणी, कॉम्प्युटरपासून सुटे हवेतच.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालवा. पॉवर ऑन अवर्स (डिस्क किती तास चालली) हा आकडा नव्या डिस्कला शून्याच्या जवळ हवा. हजारो तास दिसले तर डिस्क वापरलेली आहे, बिल घेऊन दुकानात जा. रीअलोकेटेड सेक्टर्सची, म्हणजे खराब होऊन बदलाव्या लागलेल्या भागांची, मोजणीही तिथेच दिसते. काही महिन्यांनी पुन्हा बघा आणि ती वाढत असेल तर त्याच दिवशी फायली दुसरीकडे हलवा.