जुनी कार्बाइन कुठली, हे ठरवताना या चुका टाळा

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवायला घेतला की माळ्यावरून कधी कधी लष्करी कार्बाइन, म्हणजे घोडदळ वगैरेंसाठी मुळातच आखूड बनवलेली बंदूक, निघते. घरचे लगेच सांगतात, "ही सत्तावनच्या बंडातली." घरातली आठवण जपावी, पण तिच्यावरून साल ठरवू नये.

आधी एक गोष्ट. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारूगोळी ठासून भरायच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. जाणत्याकडून नळी तपासून घ्या, चालवून बघू नका आणि पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत रीतसर चौकशी करा.

सर्वांत मोठा घोटाळा घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीमुळे होतो. तिच्यावर मुकुट, 'व्ही. आर.' (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं) आणि 1858 दिसलं की लोकांना वाटतं, मिळालं साल. पण ते साल त्या पट्टीचं. ब्रिटिशांनी 1866 पासून ठासणीच्या कितीतरी एनफिल्ड बंदुकांची नळी मागून कापली आणि तिथे बाजूला उघडणारी स्नायडरची झडप बसवली. पट्टी जुनीच राहिली. म्हणजे काडतूस मागून भरायची सोय असेल, तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, ही बंदूक या रूपात सत्तावनला नव्हतीच.

देवनागरी अक्षरं दिसली की "पेशवेकालीन" म्हणायची घाई तर फारच होते. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. खाली तरफ असलेली मार्टिनी-हेन्री रायफल ब्रिटिश फौजेत आली 1871 मध्ये. नेपाळात मार्टिनीच्या धर्तीवर बंदुका बनत, त्यांच्यावर देवनागरी मजकूर असतो आणि साल विक्रम संवताचं. 1942 वाचलंत तर 57 वजा करा, 1885 येईल.

आखूड नळी म्हणजे कार्बाइन, हेही खरं नाही. फीतपट्टी घ्या. मार्टिनी रायफलची नळी सुमारे 33 इंच, घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे 21. रायफल कापून आखूड केलेलीही सापडते. त्यामुळे उजव्या बाजूचा 'आय. सी. 1' हा कार्बाइनचा शिक्का शोधा. शिक्क्यात एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, इंग्रजी एन उलटा, किंवा व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये वारल्यानंतरच्या सालाबरोबर 'व्ही. आर.' असेल, तर ती बहुधा खैबर भागातल्या कारागिरांची नक्कल.

तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असलेल्या देवळाली कॅम्पातल्या बंगल्यात मिळाली म्हणून ती तोफखान्याची ठरत नाही. तिथला तळ येत्या-जात्या पलटणींचा होता, त्यामुळे बंदूक कुठल्याही पलटणीची असू शकते. पलटणीचा पुरावा असतो दस्त्याच्या पितळी पट्टीवरच्या बारीक आकड्यांत, आणि कारखान्याचा लाकडावरच्या गोल शिक्क्यात. नेमकं तेच लोक घासून टाकतात: पितळेला पीतांबरी, लाकडाला पॉलिश पेपर. एका दुपारीत सगळं साफ! हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण गेलेला शिक्का परत उमटत नाही. मऊ कापडाने धूळ पुसा, तिरप्या उजेडात प्रत्येक खुणेचा फोटो काढा आणि जाणत्याला ते सगळे एकत्र दाखवा.